खुर्चीवर बसलेला गोलकीपर

दापोलीचा अमीन आखातात रुसैलच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि शुक्रवारी कोकणी पोरांच्या फुटबॉल संघात गोलकीपर असायचा. सामना संपला की सगळे रुवीतल्या आमच्या घरी जेवायला येत, जमिनीवर एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसत. सेमीफायनलनंतर मात्र अमीन खुर्चीवर बसला.

"अर्बाब झालास काय रे, मोठा मालक?" संघातल्या इरफानने टोमणा मारला.

अमीन हसला. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "भाभी, गुडघा वाकत नाही. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील. फायनल होऊ दे, मग डॉक्टरला दाखवतो."

"उद्याच दाखव."

"इन्शाल्ला."

फायनलमध्ये त्याने खडीच्या मैदानावर झेप घेऊन शेवटचा गोल अडवला, पण त्याला उठता आलं नाही. महिन्याभरात कंपनीने त्याला दापोलीला पाठवलं.

जिंकलेला कप माझ्या फ्रिजवर आहे. अमीन राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पवर तो न्यायला कुणी तयार नाही.