ग्रेस आंटींचं भुयार

कल्पना करा, तुम्हाला लोकांना एक जुनं चर्च दाखवायचंय. समोर सहलीला आलेली मंडळी. अर्ध्यांना वडापाव हवाय, अर्ध्यांना संडास. वेदीवर सोन्याचा मुलामा आहे, पण त्यांनी त्याहून चकचकीत लग्नाचे हॉल पाहिलेत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेत, त्यातून दुधासारखा उजेड येतो. पण वर कोणी बघत नाही. आता तुम्ही काय कराल?

ग्रेस आंटी काठी आपटतात.

वेदीच्या डाव्या हाताला, गाणारे उभे राहतात तिथल्या फरशीवर. बाकीची फरशी ठक्क वाजते, इथली ढब्ब. "ऐकलंत? खाली भुयार आहे." मग संडासवालेसुद्धा थांबतात.

अंधेरीत आमच्या बिल्डिंगला लागून गावठाण आहे, त्यातलं हे चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. आंटींचा बाप्तिस्मा तिथल्या दगडी कुंडात झाला, लग्नही तिथेच. नोकरी सांताक्रूझला, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात, टेलिफोन ऑपरेटरची. निवृत्त झाल्यावर दिवसभर बोलायचं कोणाशी, हा प्रश्न पडला, म्हणून रविवारच्या मिस्सानंतर त्या चर्च दाखवायला लागल्या. त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि थांबवायची कोणाची हिंमत नव्हती.

त्यांचं भुयार फार सोयीचं होतं. जोगेश्वरीचा पाहुणा आला की ते थेट तिथल्या लेण्यांत निघायचं. वसईचा आला की खाडीखालून किल्ल्यात. एकदा कोणीतरी देवनारहून आलं, तेव्हा आंटी क्षणभर अडखळल्या.

"तिकडे फाटा आहे," म्हणाल्या.

मग यंदा वॉरेनकाकांनी फरशी बदलायचं काढलं. काका म्हणजे आंटींचे धाकटे भाऊ, चर्चच्या कमिटीवर आहेत.

"ग्रेस, ग्रॅनाइट टाकतोय आपण. या फरशीत म्हातारी माणसं ठेचकाळतात."

"मी कधी ठेचकाळले?"

"चला, म्हातारी आहेस हे तरी मान्य केलंस."

"आणि भुयार?"

"उंदराचं बीळ असेल ते, यार. उगाच लोकांना फसवतेस."

उंदीर चालला असता. 'फसवतेस' आंटींना लागलं. जोगेश्वरी, वसई ही त्यांची स्वतःची भर, हे त्या हसत कबूल करायच्या. पण खाली भुयार आहे, हे त्यांना पप्पांनी सांगितलं होतं. आणि पप्पा असे, की गळाला लागलेला मासासुद्धा कधी बोटभर वाढवून सांगत नसत. वर ग्रॅनाइट पडलं की पप्पा खरं बोलले होते का, हे कायमचं झाकलं जाणार होतं.

शेवटी फादर ॲड्रियननी मध्यस्थी केली. "आधी खाली बघू या. भुयार असेल तर फरशी राहील, नसेल तर ग्रॅनाइट."

पाइपांत कॅमेरा सोडून कुठे तुंबलंय ते शोधायचं, हे माझं काम. आंटींचा फोन आला.

"केतन, तुझा तो गटारवाला कॅमेरा देवळात चालेल का रे? साबणाने धुऊन आण हं."

शनिवारी दुपारी फरशीच्या एका फुटक्या कोपऱ्यातून मी केबल आत सोडली. स्क्रीनवर आंटी, काका आणि फादर, तिघांची डोकी वाकली. आधी नुसती धूळ दिसली. मग एक हेअरपिन. मग गोळीचा कागद.

"हा तुझाच, वॉरेन. लहानपणी कॉयरमध्ये उभा राहून सतत चघळायचास."

"झाले उद्योग हिचे सुरू. तू पुढे जा रे केतन."

पुढे अंधारात एक गोल तोंड दिसलं. त्याच्यामागे दुसरं, तिसरं. मातीची मडकी! तोंडं वर करून, फरशीखाली ओळीने बसवलेली. त्यांच्या पलीकडे भिंत. भुयार नव्हतं.

वॉरेनकाकांनी बहिणीकडे पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली संधी त्यांना आयुष्यात मिळाली नसती, पण ते माझ्या केबलचा पीळ सोडवायला लागले.

फादरांचं मात्र गुडघ्यांवर बसून स्क्रीनला नाक लावायचंच बाकी होतं. "युरोपात काही जुन्या चर्चमध्ये अशी मडकी सापडलीत. गाण्याचा आवाज घुमावा म्हणून बसवायचे, म्हणतात. खरंच घुमायचा की नाही, यावर वाद आहे."

"वाद कशाला?" आंटी म्हणाल्या. "वॉरेन, इथे उभा राहा. गा."

"ए, वेडी झालीस का?"

"गा!"

काका मडक्यांवर उभे राहून गायले. मग दाराशी जाऊन गायले. फादरना मडक्यांवरचा आवाज भरदार वाटला. मला काहीच फरक कळला नाही. "दोन्हीकडे बेसूर," असा आंटींचा निकाल.

ग्रॅनाइट रद्द झालं. भुयार नसलं तरी ही मडकी झाकायला आपलं मन होणार नाही, असं फादर म्हणाले, आणि काकांनीही फार ताणलं नाही.

आंटी मात्र जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मुलुंडहून एक ग्रुप आला. आंटींनी काठी आपटली, आणि दिसलं तेवढंच सांगितलं: मडकी, गाणं, फादरांचा वाद. लोकांनी हौसेने फोटो काढले. मुलुंडला फाटा गेला नाही.

ग्रुप बाहेर पडल्यावर त्यांनी मला खांबामागे ओढलं.

"केतन, तुझा कॅमेरा मडक्यांच्या वरून फिरला ना?"

"हो, आंटी."

"मडक्यांच्या खाली गेला?"

"नाही. तिथे जायला वाटच नव्हती."

"मग पप्पा ज्याच्याबद्दल बोलत होते, ते त्यांच्या खाली नाही कशावरून?"