टॉकीज अण्णा

थिएटरमधले दिवे मंद व्हायला लागले की अण्णा चपला काढायचे. वाकून त्या खुर्चीखाली जोडीनं ठेवायचे, पडद्याला एकदा हात जोडायचे आणि मग मांडी घालून बसायचे. मल्टिप्लेक्सच्या त्या मऊ, मागं रेलणाऱ्या खुर्चीत मांडी घालणं सोपं नाही. एक गुडघा शेजारच्याच्या हद्दीत जायचाच. शेजारी बहुतेक वेळा मी असायचो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी विचारलं, "अण्णा, हे काय?"

"देवळात चपला काढतोस की नाही?"

"पण हा मारामारीचा पिक्चर आहे."

"मग? नरसिंहाच्या देवळात चपला घालून जातोस काय?"

मी निपाणीचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा चामराजपेटेत अण्णांच्या घरातली माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. मिळाली ती केवळ मराठी बोलतो म्हणून. अण्णांचं घराणं कधीकाळी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडं आलं आणि इथंच राहिलं. त्यांचं मराठी घरापुरतं उरलेलं, आणि त्यातही "स्वल्प थांब", "सरी, निघू या" असं कन्नड मिसळलेलं. खाली रस्त्याला लागून त्यांचा लग्नपत्रिका छापायचा छापखाना होता. पण पेठेत त्यांना छापखानेवाले म्हणून कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते टॉकीज अण्णा. मलाही त्यांनी कधी माझ्या नावानं हाक मारली नाही. मी "निपाणी".

नवा पिक्चर येणार म्हटलं की अण्णांची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. मोबाइलवर ट्रेलर बघायला त्यांची सक्त मनाई. "मुहूर्ताआधी अंतरपाट कशाला काढायचा?" म्हणायचे. पोस्टर मात्र चालायचं. मार्केटच्या वाटेवर एका लांबलचक भिंतीवर नवी पोस्टरं लागत. अण्णा भाजीची पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि त्या एका चित्रावरून सबंध गोष्ट सांगायचे. "हातात कुदळ आहे, म्हणजे जमिनीचा तंटा. मागं ढग आलेत, म्हणजे इंटरव्हलच्या आत बाप जाणार. आणि ही कोपऱ्यातली निळ्या साडीतली बाई साधी नव्हे, लक्षात ठेव." अंदाज हमखास चुकायचा. त्याचा दोष ते कधीही स्वतःकडे घेत नसत. त्या निळ्या साडीतल्या बाईनं पिक्चरभर नुसता चहा आणून दिला, तरी बाहेर पडल्यावर अण्णा ठामपणे म्हणाले, "पुढच्या भागात दाखवतील बघ तिचं."

पडद्यावरच्या माणसांशी ते बोलायचे. पिक्चर कन्नड असो, तमिळ असो की हिंदी. खलनायकाला शिव्या कन्नडमधून आणि नायकाला उपदेश मराठीतून, अशी वाटणी ठरलेली. "अरे, त्या गाडीत बसू नको!" "आधी आईला फोन कर की!" एकदा पुढच्या रांगेतल्या एका तरुणीनं मागं वळून त्यांना इंग्रजीत दटावलं. अण्णा शरमले. बराच वेळ हाताची घडी घालून गप्प बसले. मग नायिका खलनायकाच्या घराची पायरी चढायला लागली, तेव्हा त्यांना राहवेना. माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाले, "निपाणी, तू तरी सांग तिला."

पॉपकॉर्नला ते हवा म्हणायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वैनी, तांदळाच्या पिठाची कोडबळी, म्हणजे तळलेली गोल कडी, करून द्यायच्या. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून ती कुरकुरीत कडी अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात जायची. दारावरच्या रखवालदारानं खिसा चाचपला की कुर्र असा आवाज यायचा. "औषध आहे," अण्णा शांतपणे सांगायचे. रखवालदार हसून सोडून द्यायचा. पुढं पुढं तर तोच विचारायचा, "आज औषध आणलं नाही काय अण्णा?" आणि एक कडं ठेवून घ्यायचा.

परत आल्यावर पेठेत निकाल जाहीर व्हायचा. निकाल तीन प्रकारचे. बघण्यासारखा, बसण्यासारखा आणि उठण्यासारखा. बसण्यासारखा म्हणजे गोष्टीत दम नाही, पण एसी चांगला आहे. इस्त्रीवाला, फुलवाली, समोरचे दातांचे डॉक्टर, सगळे त्या निकालावर चालत. मी कधी वेगळं मत दिलं तर अण्णा माझ्याकडे दयेनं बघायचे. "निपाणीत पिक्चर उशिरा पोचतात नव्हं," असं म्हणून मला सांभाळून घ्यायचे.

अशा माणसाची एकुलती मुलगी सिनेमात गेली, तेव्हा त्यांनी पेढे वाटायला हवे होते.

रूपा इंजिनिअर झालेली. होसकोटेच्या एका कारखान्यात तिला चांगली नोकरी होती. एका रविवारी सकाळी तिनं सांगितलं, की नोकरी सोडली. एका स्टुडिओत पिक्चरचं संकलन शिकायला जाणार. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, असं वैनींनी नंतर सांगितलं. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा प्रथम ऐकला, तोही माडीवर.

"सिनेमा बघायची गोष्ट आहे, करायची नव्हे! आज काम आहे, उद्या नाही. त्या माणसांचे हाल मला ठाऊक नाहीत काय?"

"तान्ही होती तेव्हापासून मांडीवर घेऊन तुम्हीच पिक्चर दाखवले," वैनी म्हणाल्या. "आता ती तिथंच जाऊन बसली, तर राग कुणावर?"

रूपा बसवनगुडीला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला गेली. त्यानंतर बापलेकींचं बोलणं वैनींच्या मार्फत चालायचं. वैनी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवत. अण्णा दारातून म्हणायचे, "तिला विचार, ताप उतरला काय." वडिलांना अप्पा म्हणणारी रूपा फोनमधून म्हणायची, "अप्पांना सांग, उतरला." "सांग तिला, औषध संपवायचं, मधे सोडायचं नाही." "सांग त्यांना, मी लहान नाही." दोघांना एकमेकांचं लख्ख ऐकू येत असे. मधल्या वैनी खोबरं खवत बसलेल्या. त्यांनी एक शब्दही इकडचा तिकडे केलेला मी पाहिला नाही. असं दोन वर्षं चाललं. पिक्चर बघणं अण्णांनी सोडलं नाही, पण घरात त्यांचा निकाल जाहीर करणं बंद झालं.

मग त्या लांब भिंतीवर एक छोटंसं पोस्टर लागलं. नवीन मुलांनी केलेला कन्नड पिक्चर, कुणी मोठा नट नाही. खाली बारीक अक्षरांत नावं होती आणि त्यांत संकलनासमोर रूपाचं. अण्णा पिशवी घेऊन उभे राहिले. मी वाट बघत होतो, की आता जमिनीचा तंटा निघेल, बाप जाईल. त्यांनी वाकून ती बारीक अक्षरं पुन्हा वाचली. घराकडे वळल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "निपाणी, संकलन म्हणजे नेमकं काय रे?"

जन्मभर सिनेमात डुंबलेल्या माणसाला मी ते समजावून सांगायला लागलो. शूटिंग भरपूर होतं, त्यातलं हवं ते ठेवायचं, नको ते कापायचं, सांधा दिसणार नाही असं जोडायचं.

"म्हणजे जे दिसत नाही, ते तिचं काम?"

"हो, तसंच काहीसं."

"मग ते बघायचं कसं?" अण्णांनी अगदी काळजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी खालून छापखान्याचा आवाज सुरू झाला. संध्याकाळी माझ्या हातात एक पत्रिका पडली. हळदीच्या रंगाचा कागद, वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. "आमची कन्या चि. सौ. कां. रूपा हिने कापून जोडून सिद्ध केलेला चित्रपट येत्या शुक्रवारी सकाळी प्रदर्शित होण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहावे." एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. तळाला आहेर स्वीकारला जाणार नाही, आणि त्याखाली, तिकीट ज्याचे त्याने काढावे.

"अण्णा, चि. सौ. कां. कशाला?"

"ते ठशातच होतं," म्हणाले. "आणि असू दे की. शोभतंय."

पत्रिका पेठेत घरोघरी गेली. अण्णा स्वतः कुंकू लावून देत फिरले. रूपाला कुणीतरी फोटो पाठवला असावा. तिचा मला फोन आला. ती हसत होती, पण घाबरलेलीही होती. "ते येणार आहेत ना? तू शेजारी बस. अप्पा बोलत राहिले की समजायचं, पिक्चर जमला. गप्प बसले की मेला."

शुक्रवारी सकाळी त्या थिएटरच्या सरकत्या जिन्यावर रेशमी साड्यांची रांग लागली. बायकांच्या डोक्यात गजरे होते. एक म्हाताऱ्या आजी नातवाच्या हाताला धरून आल्या आणि सगळीकडे बघून विचारत सुटल्या, "नवरा कुठंय?" रखवालदारानंही त्या दिवशी कुणाचा खिसा चाचपला नाही. रूपा आत आली नव्हती. दिवे मंद झाल्यावर ती हळूच येऊन मागच्या दाराशी उभी राहिली. मला ते दिसलं. अण्णांना दिसलं नाही. ते चपला काढून, मांडी घालून, पडद्याकडे टक लावून बसले होते.

पिक्चर सुरू झाला आणि अण्णा बोलले नाहीत. नायक नको त्या माणसाबरोबर धंद्यात पडला, अण्णा गप्प. त्यानं घरी खोटं सांगितलं, गप्प. मी कोपरानं ढोसलं, हळूच म्हटलं, "अण्णा, फसणार बघा हा." त्यांनी माझा हात बाजूला केला. मी मागं वळून पाहिलं, तर दाराशी कुणी नव्हतं.

इंटरव्हल झाल्या झाल्या मी बाहेर धावलो. रूपा जिन्याच्या पायरीवर बसून ओढणीनं डोळे पुसत होती. "एक शब्द नाही रे," ती म्हणाली. "त्या पडेल पिक्चरांनाही दहा सल्ले देतात ते." मी काहीतरी सांत्वन करायला लागलो, तेवढ्यात मागून अण्णा आले. अनवाणी. चपला आतच राहिल्या होत्या.

"तू बाहेर काय करतेस?" त्यांनी विचारलं. मधे वैनी नाहीत, फोन नाही, थेट तिलाच.

"तुम्ही बोललाच नाहीत, अप्पा."

"कसा बोलू? मी शोधत होतो नव्हं, कुठं कापलंयस ते. डोळे फोडून बघतोय. एक जागा सापडली नाही."

अण्णा जिन्याचा कठडा धरून तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग ते घसा खाकरून म्हणाले, "पण ते तळ्याकाठचं गाणं लांबलंय."

"मी कापलं होतं ते!" रूपा उसळली. "दिग्दर्शकानं परत लावलं."

"अक्कल नाही त्याला. सांगायचं नाहीस काय?"

"सांगितलं. भांडले त्याच्याशी."

"भांडून सोडून दिलंस? माझ्याशी भांडलीस तेव्हा बरं सोडून दिलं नाहीस!"

आत पिक्चर पुन्हा सुरू झाला होता आणि ही दोघं त्या तळ्याकाठच्या गाण्यावरून वाद घालत बसली होती. शेवटी मीच दोघांना उठवून आत नेलं. खुर्चीत बसतात न बसतात तोच अण्णा ओरडले, "अरे, सही करू नको त्या कागदावर!" आणि रेशमी साड्यांच्या रांगेतून आजींचा आवाज आला, "हाच काय नवरा?"

पिक्चर फार दिवस टिकला नाही. रूपाला मात्र त्यावरून पुढचं काम मिळालं, आणि रविवारी ती घरी यायला लागली. दुपारभर बापलेक तावातावानं बोलायचे. वैनी म्हणायच्या, "आधीचंच बरं होतं, घरात शांतता तरी होती."

नंतर माझी हुबळीला बदली झाली. अण्णांच्या छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, गर्दी बंद केली. कामासाठी बेंगळुरूला गेलो असताना मी एका दुपारी घरी गेलो, तर रूपा लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगावर बसलेली. नव्या पिक्चरचं काम अर्धवट होतं. संगीत नाही, नायकाच्या मागं डोंगराऐवजी हिरवं कापड. "हे असं असतं होय?" अण्णा म्हणाले, आणि पुढं वाकून बघत राहिले. एका दृश्यात नायक खूप वर्षांनी गावी येतो. घरात कुणी उरलेलं नाही. शेजारची बाई त्याला बोलावून वाढते, तो जेवायला बसतो.

"हे इथं कापणार आहे," रूपा म्हणाली. "दोन घास दाखवले की लोकांना कळतं."

"लोकांना कळतं ग. त्याचं पोट भरतं काय?" अण्णा म्हणाले. "लांबून आलाय बिचारा. जेवू दे त्याला."

"अप्पा, कंटाळतील लोक."

"कंटाळू देत."

लॅपटॉप मिटून रूपा चहा करायला आत गेली.

पिक्चर यायच्या आधीच अण्णा गेले. पेठेतली बरीच माणसं आली होती, असं वैनींनी फोनवर सांगितलं. मला वेळेवर पोचता आलं नाही.

पिक्चर लागला तेव्हा मात्र मी मुद्दाम गेलो. या वेळी पत्रिका नव्हत्या. वैनी, रूपा आणि मी. सिनेमाची कधीच आवड नसलेल्या वैनी पदर सावरून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. इंटरव्हलनंतर ते दृश्य आलं. मागं आता हिरवं कापड नव्हतं, खराखुरा वाटणारा डोंगर होता. शेजारच्या बाईनं ताट ठेवलं, भात वाढला, वर आमटी. तो जेवायला लागला. एक घास, दोन घास. मग तिसरा. थिएटरमध्ये कुणी खोकलं, कुणी मोबाइल काढून पाहिला. त्यानं आणखी भात मागितला.

"केव्हाचा जेवतोय हा," वैनी पुटपुटल्या.

"जेवू दे, आई," रूपा म्हणाली.

त्यानं ताट बोटांनी पुसून घेतलं, तांब्याभर पाणी प्यायलं, अंगणात जाऊन हात धुतले, ते पंच्याला पुसले. मग पुढचं दृश्य आलं.