कंपनीचा फ्रीज आणि आनंदीबाईंचं सरबत

आनंदीबाईंना मी भर सभेत बोललो, त्याला आता सात वर्षं झाली. मी आधीच तापट, त्यात हायस्कुलात तीस वर्षं काढलेली. समोरचा चुकलाय असं वाटलं की जीभ आवरत नाही. पण त्या दिवशी चुकलेला मीच होतो, हे एकदा सांगून टाकायला हवं.

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट चढायच्या आधी आमचा नाका. नाक्यावर आनंदीबाईंचं दुकान. नवरा भागोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा, दुकान सगळं बाईंच्या हाती. चहा, भजी, बिस्किटं, आणि कोकम सरबत. अहाहा, काय ते सरबत! दर उन्हाळ्यात रातांबे स्वतः फोडून साखरेत मुरवायच्या. घाट उतरून आलेले ड्रायव्हर गाडीतूनच ओरडायचे, "मावशे, लाल पानी दे गो!" कृती सासूने शिकवलेली, प्रमाण कुणालाही सांगायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुमी परीक्षेचा पेपर फोडता का? मग?"

नव्याण्णव साली एका शीतपेयाच्या कंपनीने त्यांच्या दुकानात काचेच्या दाराचा फ्रीज आणून ठेवला. फुकट. अट एकच, आत फक्त कंपनीच्या बाटल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आनंदीबाई, आज फ्रीज देतायत, उद्या दुकान मागतील." त्या म्हणाल्या, "मागूदे. आता गाड्या तर थांबतात ना?" थांबायच्या, हे नाकबूल कसं करू? वर्षभरात दुकानाला कोबा झाला, लेक अक्षदा महाडला कॉलेजात जाऊ लागली. तिच्याआधी त्या घरातली कुठलीच मुलगी दहावीपुढे गेली नव्हती.

वर्गात मी मुलांना जागतिकीकरणाच्या दोन्ही बाजू शिकवायचो, पण मी स्वतः कुठल्या बाजूचा ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. घरी फ्रीज घेतला नव्हता. 'शिळं खायची सवय लावणारं कपाट' असं मी गॅदरिंगला म्हणालो होतो आणि पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या.

मग मला साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि थंड जागी ठेवायला सांगितलं. मी बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली. एप्रिलच्या उकाड्यात औषध बिघडलं आणि मी शाळेच्या पायरीवर पडलो. शुद्धीवर आलो तो महाडच्या दवाखान्यात. आता फ्रीज घ्यायचा तर कोणत्या तोंडाने घ्यायचा? मी नाही घेतला. घरी आल्यावर आनंदीबाईंनी काही न विचारता माझी बाटली नेली आणि कंपनीच्या फ्रीजमध्ये सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. रोज दोन वेळा मी दुकानात जायचो, पडद्यामागे बसून सुई टोचून घ्यायचो आणि बाहेर येऊन त्याच कंपनीला शिव्या घालायचो. त्या हसायच्या. "घाला, घाला. त्याबिगर तुमची सुई लागू पडायची नाय."

त्या दिवाळीनंतर एकाएकी सरबत बंद झालं. बरण्या दिसेनात. विचारलं तर "आता जमत नाय, सर," एवढंच. कंपनीला दुकानात दुसरं थंड पेय नको आहे, असं नाक्यावर कुणीतरी सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

जानेवारीत तालुक्याची वादविवाद स्पर्धा आमच्या शाळेत झाली. विषय 'जागतिकीकरण : शाप की वरदान', अध्यक्ष मी. पाहुण्यांचा चहा घेऊन आनंदीबाई मांडवात मागे उभ्या होत्या. त्यांना बघितलं आणि मला राहवलं नाही. "परदेशी कंपन्यांना कशाला नावं ठेवता?" मी म्हणालो. "आपल्याच नाक्यावरच्या एका बाईने सासूच्या हातचं सरबत एका फुकटच्या कपाटापायी सोडलं. असली माणसं असल्यावर वेगळा शत्रू हवाच कशाला?" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई किटली उचलून निघून गेल्या. आणि मी बेशरम, संध्याकाळी सुई घ्यायला त्यांच्याच दुकानात गेलो. त्यांनी नेहमीसारखी बाटली काढून दिली.

आठवड्याने कंपनीच्या एजन्सीचा माणूस, महाडचा आमोद, दुकानाबाहेर सापडला. त्याला चांगला फैलावर घेतला.

"मला काय बोलता, सर?" तो म्हणाला. "तपासणीत फ्रीजमध्ये औषध सापडलं. असं काही सापडलं की फ्रीज उचलायचा, असा हुकूम आहे. साहेबांना तसंही सरबत खुपत होतं. मी बाईंना म्हटलं, सरबत बंद करा, औषधाचं मी बघून न बघितल्यासारखं करतो. मला वाटलं भांडतील. त्यांनी त्याच दुपारी बरण्या उचलल्या."

मी तडक दुकानात शिरलो. आत बाई भजी तळत होत्या.

"आनंदीबाई, मला सांगायचं तरी! मी त्याच दिवशी फ्रीज घेतला असता."

"घेतला असतात?" त्यांनी कढई खाली उतरवली. "पायरीवर पडलात तवा पन घेतला नाय तुमी. लोक हसतील म्हनून. मग मी काय सांगनार?"

मी समोरच्या बाकावर बसलो.

"तुमी सभेत बोललात, ते लागलं मला. लई लागलं," त्या म्हणाल्या. "पन खोटं नवतं. सरबत गेलं ते वायटच झालं. पन सर, तुमी गेला असतात, तर ते वायट झालं असं म्हनाया तरी कोन उरलं असतं नाक्यावर?"

मी त्याच आठवड्यात महाडहून फ्रीज आणला. मे महिन्यात रातांबे आले तेव्हा त्यांना म्हटलं, आता माझी अडचण नाही, तुम्ही बरण्या काढा. आनंदीबाईंनी दुकानासमोर थांबलेल्या तीन गाड्यांकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या हातात कंपनीच्या बाटल्या होत्या.

"कुनासाठी काढू, सर?" त्या म्हणाल्या. "आता मागत नाय कोन."