एसीचा बाहेरचा डबा

आमच्या घरातला एसी माझ्या सासूसाठी घेतलेला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ते कुणाला खरं वाटणार नाही.

घेतला धाकट्या दिरांनी. भावजी फौजेत, तेव्हा राजस्थानात वाळूत होते. फोनवर म्हणाले, "वैनी, मी हितं भाजतोय त्यो भाजतोय, पण आई तरी गार बसली पायजे." त्यांनी तिकडून पैसे पाठवले आणि सांगलीच्या दुकानातून टेम्पोनं एसी आमच्या दारात आला. जत तालुक्यातल्या आमच्या टोकाच्या गावात घरातला पहिला एसी आमचा. प्यायचं पाणी टँकरचं आणि हवा थंड, असा आमचा थाट.

मी फलटणकडची. कालव्याच्या काठावर, उसाच्या गारव्यात वाढलेली. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, माणसं इथं राहतात तरी कशी! सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या हद्दीपलीकडच्या, माहेर कानडी. उन्हं तापली की त्या पदरानं वारा घेत "शेके, शेके" म्हणायच्या. शेके म्हणजे उकाडा. एरवी मराठी बोलणारी बाई, पण जीव घाबरा झाला की माहेरचाच शब्द तोंडात यायचा.

घराची रचना सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. पुढं सिमेंटची बैठक, तिच्या भिंतीवर मामांची पाटी. मामा म्हणजे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि गावानं पाटी वाचली नाही तर त्यांना जेवण जायचं नाही. बैठकीच्या एका अंगाला आमची खोली आणि स्वयंपाकघर. बैठकीच्या मागं दोन माणसं एकमेकांना चुकवून जातील एवढा बोळ. बोळापलीकडं पत्र्याची खोली. तिथं आधी शेळ्या बांधायचे, मग कडबा रचायचे, आणि आत्यांना खोकला लागल्यापासून तिथं आत्यांची खाट होती. खोकल्यानं बैठक मोडते, असं मामांचं म्हणणं. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती बोळात उघडणारी.

बसवायला आलेला मिस्त्री चांगला बोलका होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याला विचारलं, गारवा येतो कुठून? तो म्हणाला, "वैनी, गारवा येत न्हाई. खोलीतली गरमी उचलून भाईर टाकायची, एवढंच ह्याचं काम. आतला डबा उचलतो, भाईरचा डबा टाकतो." मला ते इतकं पटलं की आजही एसीची जाहिरात लागली की मी मनात विचारते, टाकता कुठं ते दाखवा की.

आमच्याकडं कुठं टाकायची, यावर वाद झाला. मिस्त्रीचं मत, डबा पुढच्या भिंतीला लावावा, नाहीतर गच्चीवर न्यावा. पुढं मोकळी हवा, मशीनही चांगलं चालेल. मामा उसळले. "फुडच्या भितीला? माज्या पाटीच्या शेजारी ते भोंगं? लोकं काय म्हनतील?" गच्चीवर न्यायचं तर नळी लांब लागणार, आणि खोक्यातून आलेली नळी पुरत असताना दुसरी कशाला, हाही त्यांचाच हुकूम. राहिली मागची भिंत. डबा बोळात लागला, पंख्याचं तोंड बरोबर आत्यांच्या खिडकीकडं.

मी म्हटलं, "मामा, समोर आत्यांची खिडकी हाय. सगळी धग त्यांच्यावर जाईल."

ते म्हणाले, "तिचा जल्म चुलीम्होरं गेलाय. तिला काय हुतंय?"

माझे यजमान तिथंच उभे होते. त्यांनी मिस्त्रीला पाना दिला. बापापुढं त्यांचा आवाज लग्नाआधीपासून बसलेला आहे, डॉक्टर करून उपयोग नाही.

मग बैठकीची दारं बंद झाली. मला सगळ्यात जास्त ते लागलं. आधी बैठकीचं मागचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि आत्या त्याच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसायच्या. आत मामांची पेन्शनर मंडळी पत्ते कुटायची, कुठल्या साहेबाची कशी जिरवली ते तेच तेच सांगायची, आणि बाहेर आत्या ऐकत, मनाशी हसत बसायच्या. एसी आला आणि हुकूम सुटला, दार लावा. कुणी आलं, दार लावा. मी चहा घेऊन गेले, आधी दार लाव मग कप दे. दाराखालच्या फटीतून गार हवा जाते म्हणून मामांनी तिथं कापड कोंबायला सांगितलं. यजमानांनी हाताला लागलं ते कोंबलं. ते आत्यांचं जुनं लुगडं होतं.

रिमोट मामांच्या बंडीच्या खिशात. शेताकडं गेले तरी खिशात, न्हाणीत गेले तर खुंटीवरच्या बंडीत, पण नजर खुंटीवर. एकदा ते जतला गेले तेव्हा मी आत्यांना हात धरून बैठकीत आणलं, आणि मग लक्षात आलं की रिमोटही जतला गेलाय. आम्ही दोघी बंद एसीकडं बघत थोडा वेळ बसलो. आत्या म्हणाल्या, "दिसाया बरा हाय की." मला हसूही आलं आणि मामांच्या पाटीवर शेण फासावंसंही वाटलं.

एसी पुरुषांचा, त्याची धुणीभांडी माझी. जाळी काढायची, धुवायची, सावलीत वाळवायची, परत बसवायची. आमच्याकडं धूळ एवढी की चार दिवसांत जाळीवर गोधडी तयार होते. व्होल्टेज पडलं की स्टॅबिलायझर टकटक करायचा, तिकडंही मीच धावायचं. बाहेरच्या डब्याच्या पत्र्यांत कडब्याचा भुसा अडकायचा, तो मी मऊ ब्रशनं काढायची. तो काढताना कळायचं आत्या कशात राहतात. मशीन चालू असताना त्या बोळात उभं राहिलं की भाकरी भाजताना तव्यावर वाकल्यासारखं तोंड व्हायचं. आणि आत्या समोरच्या खिडकीच्या आत. खिडकी उघडी ठेवली तर धग, लावली तर वर पत्रा आणि आत कोंडमारा. त्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या. दिवसभराचं कामच झालं होतं त्यांना ते.

गारव्यातला त्यांचा वाटा एवढाच की आतल्या डब्याचं पाणी पाइपातून बोळात ठिबकायचं. आमच्याकडं पाणी वाया जाऊ देणं म्हणजे पाप. मी खाली बादली ठेवली होती, ते पाणी शेळ्यांना. आत्या तेवढ्यात फडकं भिजवून डोक्यावर घ्यायच्या. बादलीतलं पाणी त्या धगीत कोमट झालेलं, म्हणून त्या फडकं सरळ पाइपाखाली धरून उभ्या राहायच्या, थेंब थेंब. त्या वयाची बाई तशी उभी राहिलेली बघून मला कुणाचा तरी गळा धरावा असं वाटायचं. कुणाचा ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी मामांशी दोनदा भांडले. दुसऱ्यांदा तर त्यांच्याच फायद्याचं बोलले. म्हटलं, बोळात गरमी कोंडते, म्हणून मशीन नीट गार करत नाही, डबा वर नेला तर तुमचीच बैठक जास्त गार होईल. माणूस थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "मिस्त्रीन झालीस व्हय गं?" पेन्शनर मंडळी हसली. हसताना एकानं दार उघडं टाकलं, तर त्यालाही ओरडा बसला.

आता तुम्ही म्हणाल, दिरांना का नाही सांगितलं. तेच सांगते.

आठ-पंधरा दिवसांनी भावजींचा व्हिडिओ कॉल यायचा. कॉल यायचा म्हणजे आधी निरोप यायचा, आणि मग घरात गडबड उडायची. मामा स्वतः मागचं दार उघडायचे. आत्यांना धुतलेलं लुगडं नेसवायचं, केस नीट करायचे आणि बैठकीत एसीखालच्या खुर्चीत बसवायचं. मोबाईल असा धरायचा की वर एसी दिसला पाहिजे. पत्तेवाले तेवढ्यापुरते एका अंगाला सरकायचे.

भावजी विचारायचे, "आये, गार लागतंय का गं?"

"लय गार लागतंय बाळा," आत्या म्हणायच्या. "रातीला वाकाळ घ्याया लागती."

भावजी हसायचे. वाळूत करपलेलं तोंड, डोळ्यांत पाणी. फोन बंद झाला की मामा म्हणायचे, "चला आता." आणि आत्या उठायच्या. कुणी हाताला धरायचं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, खुर्ची जागेवर सरकवायच्या, उंबरा ओलांडून बोळातनं पलीकडं जायच्या आणि मागं दार लागायचं. लुगडं परत फटीत.

पहिल्या खेपेलाच मी त्यांच्या मागं गेले. म्हटलं, "मी भावजींना फोन करून सगळं सांगते बगा." त्यांनी माझा हात घेतला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची आन हाय तुला. त्यो तिकडं बंदूक घिऊन हुबा. हितलं ऐकून त्याचं चित्त ठिकाणावर ऱ्हाईल का? मी जिती हाय तवर सांगू नगंस." तो गळा घामानं निथळत होता. मी हात काढून घेतला, पण शपथ तर लागून गेली होती.

त्यांचा आपल्या पोरावर जीव होता, हे मला कळतं. पण त्या मायेचा सगळ्यात जास्त फायदा मामांना झाला, हेही मला कळतं.

त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. भर दुपारी. मी जेवण घेऊन गेले तर खिडकी उघडी होती, डोक्यावरचं फडकं वाळून कडक झालं होतं आणि बोळात डबा घोंघावत होता. मी ओरडले. बैठकीत कुणाला ऐकू गेलं नाही, कारण दार लावलेलं. मला दारावर धडका माराव्या लागल्या. आतून मामा म्हणाले, "हळू! फट पडंल." डॉक्टर आले, नाडी बघितली, पत्र्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, ऊन लागलं. डोक्यावर छप्पर असलेल्या बाईला घरात ऊन लागलं.

भावजींना कळवलं. ते सकाळपर्यंत पोचणार होते आणि लेकानं तोंड बघितल्याशिवाय आई न्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. मग एवढ्या उन्हात ठेवायचं कसं? भावकीतल्या कुणीतरी मिरजेहून मयत ठेवायची काचेची गार पेटी मागवू म्हटलं. मामांनी मान वर केली. म्हणाले, "घरात एसी असताना पेटी कशाला?"

त्यांनी बंडीतून रिमोट काढला, स्वतः सोळावर लावला. आत्यांना बैठकीत आणलं, एसीखाली निजवलं. खुर्च्या बाहेर गेल्या, पत्ते कपाटात गेले. बायका रडायला आत यायच्या, बाहेर जायच्या, आणि दर खेपेला मामा कोपऱ्यातून म्हणायचे, "दार लावा, गार हवा जातीया." बायका त्याही रडण्यात दार लावून घ्यायच्या. मी मात्र त्या दिवशी एकदाही लावलं नाही. कुणी मला काही बोललं नाही. माझं तोंड तसं असणार.

सकाळी भावजी आले, तेही वर्दीतच. आईच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडले. मग त्यांनी गालाला हात लावला, तो गार लागला, तसं वर एसीकडं बघितलं. म्हणाले, "शेवटी शेवटी तरी गारव्यात गेली माजी आय." मामांनी मान हलवली. यजमान जमिनीकडं बघत होते. मी सगळ्यांकडं एकेकदा बघितलं. शपथ आत्या जित्या असेपर्यंतची होती.

म्हटलं, "भावजी, जरा मागं या."

मामा म्हणाले, "आता कुटं न्हेतीस त्याला?" मी वळूनही बघितलं नाही.

बोळातनं त्यांना पत्र्याच्या खोलीत नेलं. खाट तशीच होती, उशाशी ते वाळलेलं फडकं. मी म्हटलं, बसा. ते बसले. उन्हं वर आली होती, पत्रा तापायला लागला होता, आणि समोरचा डबा रात्रभर चालून चालून नुसता पेटलेला. धग सरळ तोंडावर आली. त्यांनी हात आडवा धरला. खिडकीतून डब्याकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हितं?" म्हणाले.

"हितंच. तुमचा फोन आला की तेवढ्यापुरतं तिकडं न्यायचे."

वाळवंटात राहिलेला माणूस, पण घाम कपाळावरून डोळ्यांत उतरायला लागला. मला वाईट वाटलं नाही. कुणालातरी त्या खाटेवर बसून ते समजायलाच हवं होतं, आणि ज्याला समजावं असा घरात तो एकटाच होता.

बाहीनं तोंड पुसून ते म्हणाले, "वैनी, त्यो एसी बंद करा आदी."

मी म्हटलं, "बंद कसा करू भावजी? आत्या हायती की आत."