रोज संध्याकाळी काढलेलं नाव

गेल्या सोमवारी ऑफिसात शिरलो तर नसरीनजी माझ्या टेबलाशी उभ्या. आमच्या जीएमच्या, म्हणजे शुक्लासाहेबांच्या सेक्रेटरी. म्हणाल्या, "देशपांडे जी, आज फिर वही. कंप्यूटर कह रहा है, परमिशन नहीं है."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आउटलुकमध्ये साहेब आपल्या सेक्रेटरीला 'डेलिगेट' नेमू शकतात. मग मीटिंगची आमंत्रणं तिच्याकडे जातात आणि साहेबांच्या वतीने तीच हो-नाही कळवते. शुक्लासाहेब स्वतःचे मेल उघडत नाहीत, त्यामुळे सगळी मदार नसरीनजींवर.

आणि हेड ऑफिसच्या मीटिंगा हुकायला लागल्या होत्या. साहेबांचं ठाम मत, बाईंचं लक्ष नाही. त्यांना सरोजिनी नगरच्या गोडाउनवर पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं... त्या राहतात अमीनाबादला, म्हणजे शहराचं दुसरं टोक. घरी आजारी अम्मी.

दिल्लीहून सपोर्टवाला येऊन गेला. त्याने सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, दुपारी चालू करून दाखवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मी अमरावतीचा, कॉमर्सवाला; नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलो आणि ऑफिसातले कॉम्प्युटर बघू लागलो. कॉम्प्युटर शिकलो तो जुनी पुस्तकं वाचून आणि मशीन उघडून. त्यामुळे एक सवय लागलीय... एरर काय म्हणते ते नंतर, कधी येते ते आधी बघायचं.

ही एरर फक्त सकाळी यायची. दुपारपर्यंत आपोआप जायची. आणि हुकलेल्या मीटिंगांची आमंत्रणं तपासली, तर सगळी ऑफिस सुटल्यानंतर आलेली.

म्हणजे संध्याकाळी काहीतरी बदलत होतं. प्रिंटर बघायचं निमित्त काढून मी साहेबांच्या केबिनमध्ये थांबलो.

साहेबांनी ड्रॉवरला कुलूप लावलं. कपाटाला लावलं, दोनदा ओढून बघितलं, जुडगा खिशात टाकला. मग पुन्हा खुर्चीत बसले, आउटलुकमध्ये डेलिगेटची यादी उघडली, नसरीनजींचं नाव निवडलं... आणि काढून टाकलं.

मी विचारलं तर म्हणाले, "रोज़ का है भाई. सुबह आके फिर डाल देता हूँ. रात भर खुला थोड़े ही छोड़ूँगा."

सकाळी घातलेलं नाव आमच्या सर्व्हरवर लागू व्हायला वेळ लागतो, तोवर एरर. आणि नाव नसताना आलेलं आमंत्रण साहेबांच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतं, जिकडे कोणी फिरकत नाही. हे मी नीट, क्रमाने समजावत होतो. साहेब घड्याळ बघत होते.

शेवटी म्हटलं, "सर, ये ताला नहीं है. आप नसरीन जी को रोज़ शाम नौकरी से निकालते हैं, सुबह फिर रख लेते हैं."

साहेबांनी डेलिगेटची यादी पुन्हा उघडली. "तो मीटिंगें... इसी में छूटीं?"

"जी."

त्यांनी नाव परत घातलं. मग इंटरकॉम उचलून पर्सोनेलवाल्यांना सांगितलं, "नसरीन जी कहीं नहीं जा रहीं. वो बात ख़त्म समझिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी एरर आली नाही. साहेबांनी नसरीनजींना बोलावून "गड़बड़ मेरी तरफ़ से थी" एवढं सांगितलं, असं त्यांच्याकडूनच कळलं. मी काय केलं असं त्या विचारत होत्या... खरं तर मी एक बटणसुद्धा दाबलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या शिकण्यात मशीनला हात न लावता काम झालं, असं पहिल्यांदाच घडलं.

आज घराबाहेर पडताना दाराचं कुलूप दोनदा ओढून बघत होतो. बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, लागलंय ते."

लागलं होतंच. पण आमची एक चावी शेजारच्या तिवारीजींकडे असते... आणि ती आम्ही कधी संध्याकाळी परत मागत नाही.