लांबलेली प्रार्थना

आमच्या चादरीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर एक ख्रिस्ती विणकर होता. दुपारी माग थांबले की तो डबा उघडायचा, हात जोडायचा आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचा. तेवढ्यात त्याची भाकरी चोरीला जायची, हा किस्सा टपरीवर अजून हसत सांगतात. तो पहिल्यांदा मीच सांगितला होता. त्यातलं सांगायचं राहिलं, ते आता लिहितो.

भाकरी मीच घ्यायचो. बायको दवाखान्यात होती, डबा करायला घरी कोणी नव्हतं. ते कोणाला कळू नये म्हणून मी चेष्टेचा आव आणायचो. डोळे उघडल्यावर तो डब्याकडे बघून म्हणायचा, "उंदीर लई धार्मिक हाय. आमेनच्या आत उरकतो की."

"एवढं काय मागतोस रे देवाकडं?" मी एकदा विचारलं.

"मागत न्हाय, अण्णा. आज माझं काम काय हाय, ते इचारतो."

"माग चालवायचा, दुसरं काय?"

"ते तर मालक बी सांगतो."

त्याला शेंगदाण्याची चटणी जहाल तिखटच लागायची. एकदा ती खाऊन मला ठसका लागला, तेव्हाही त्याचे डोळे मिटलेलेच होते. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एका बाजूला कमी तिखटाची चटणी येऊ लागली. तिला त्यानं कधी बोट लावलं नाही.

पुढं बायको घरी आली, मी डबा आणू लागलो, आणि त्याची प्रार्थना आखूड झाली.