गवत तुऱ्यावर आलं की

बोलता बोलता बाईंचा हात वर गेला की समोरच्यानं गप्प बसायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पंजा उघडा, डोळे मिटलेले, मान जरा मागं. "थांबा, आली," एवढंच म्हणायच्या. मग एकामागून एक शिंका. पाढे म्हणणाऱ्या मुली मध्येच थांबायच्या. तपासणीला आलेले साहेबही एकदा खडू हातात धरून ताटकळले होते. शिंका संपल्या की बाई पदरानं नाक पुसायच्या आणि म्हणायच्या, "खैर. सात चोक?"

"अठ्ठावीस!" वर्ग ओरडायचा.

तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बाई स्वतः उर्दूतून शिकलेल्या, आता मराठीतून शिकवत होत्या. ते 'खैर' तेवढं जिभेवर राहून गेलं होतं. मी त्यांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. भाऊ-भावजय तापाच्या साथीत गेल्यावर त्यांची मुलगी सुमन बाईंनीच वाढवली. स्वतःच्या लग्नाचं मग राहूनच गेलं.

पोळा झाला, पाऊस ओसरला आणि डोंगरावरचं गवत तुऱ्यावर आलं की बाईंचं दुखणं सुरू व्हायचं. आम्हाला ते दिवस फार आवडायचे. तुम्ही आमच्याकडचा डोंगर भाद्रपदाच्या अखेरीस पाहिला असेल तर कळेल. सगळा सोनेरी, आणि वारा सुटला की लाटा. बाईंचे मात्र डोळे लाल, नाक वाहतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला छातीतून शिट्टी वाजायला लागायची.

सुंठ झाली, ओव्याची धुरी झाली, अडुळसा झाला. शेवटी मी त्यांना सोलापूरला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, "गवताच्या फुलांची भुकटी वाऱ्यावर उडते, ती तुम्हाला सोसत नाही. याला ॲलर्जी म्हणतात."

"नाव तर झकास आहे," बाई म्हणाल्या. "औषध?"

"गोळ्या देतो. पण खरं म्हणजे त्या दिवसांत गाव सोडून राहा."

परतताना मोटार घाट चढायला लागली तशी पहिली शिंक आली. "आलं बघ आपलं गाव," बाई म्हणाल्या. मग हळूच, "शाळा टाकून, पोरीला टाकून कुठं जाऊ गं मी?"

त्यातून शिंक म्हणजे अपशकुन. शेजारचे कुणी कामाला निघाले आणि बाई शिंकल्या की ते माघारी येऊन बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग निघायचे. बाई हसण्यावारी न्यायच्या. "माझ्यामुळं लोक बिचारे दोन मिनिटं टेकतात तरी!" पण गल्लीत कुणी परगावी निघालं की त्या आत माजघरात जाऊन बसायच्या, हे मी पाहिलं होतं.

सुमनला अणदूरचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला. सुपारी फोडायला पाहुणे दसऱ्यानंतर येणार म्हणाले. बाईंनी सगळी तयारी केली, आणि पाहुण्यांची बैलगाडी दिसताच माझ्या घरात येऊन दार लावून घेतलं. "मी इथंच बरी. मामा आहेत तिचे. ते बघतील सगळं."

थोड्या वेळानं सुमनच आली, हिरवी साडी नेसलेली. "आत्या, चल."

"वेडी का काय! जा तू."

"तू नसशील तर मी पाटावर बसत न्हाय."

बाई गेल्या. तोंडात पदराचा बोळा धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांची मान थरथरत होती. मी शेजारी होते. त्यांचा हात मी घट्ट धरला, जणू शिंक हातातून येते. मुलाच्या आजोबांनी सुपारीवर अडकित्ता ठेवला आणि तेवढ्यात ती आलीच. एक नाही, चार.

आजोबांनी सुपारी परत तबकात ठेवली. "आज ऱ्हाऊ द्या. पुढं बघू," म्हणाले. चांगला माणूस होता, आवाजही चढवला नाही. पण ते पुन्हा आले नाहीत.

सुमन आत्याला एका शब्दानंही बोलली नाही. बाईंनीच पुष्कळ दिवस तिच्याकडं सरळ पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात गवत फुलायच्या आत आम्ही चार-पाच शिक्षिका विळे घेऊन निघालो. शाळेमागचं, बाईंच्या घरामागचं सगळं गवत कापून काढलं. हातांना फोड आले. बाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"सबंध बालाघाटाचा डोंगर कापणार का गं पोरींनो?" त्या हसून म्हणाल्या. हसता हसता डोळे पुसले. महिन्याभरानं वारा सुटला, आणि भुकटी आली ती पार पलीकडच्या डोंगरावरून.

सुमनचं लग्न पुढं वैशाखात झालं, येडशीच्या मुलाशी. रणरणतं ऊन, डोंगर उघडा बोडका. बाई सगळ्यांच्या पुढं उभ्या राहून अक्षता टाकत होत्या. एक शिंक आली नाही. "बघ, देवीला दया आली," मला म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी आश्विनात त्यांचा दमा उसळला. डॉक्टर सुई टोचून गेले, सुमनला निरोप धाडला. दुपारभर मी उशाशी होते. खिडकी उघडली तर भुकटी आत येई, लावली तर त्यांचा जीव घुसमटे. बाईंनी खिडकीकडं बोट केलं.

"उघडू?" मी विचारलं. "का लावू?"

बोलायला दम नव्हता. त्यांनी पुन्हा बोट केलं. मला कळेना. मी खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि पंख्यानं वारा घालत राहिले. ऊन कलायच्या आतच सगळं संपलं.

संध्याकाळच्या मोटारीनं सुमन आली. दारात बायका उभ्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत आत आली. रडली नाही, आत्याकडं पाहिलंही नाही. आधी जाऊन तिनं खिडकी लावून घेतली. लहानपणापासून या दिवसांत शाळेतून आल्या आल्या तिचं पहिलं काम तेच असायचं. कडी घातली, फटीत फडकं कोंबलं, आणि मग वळली.